मैनुद्दीनचाचांनी न केलेला पाठलाग

आमच्या गल्लीत मैनुद्दीनचाचांना एकदाही शिवी न घातलेला माणूस शोधून काढावा लागेल. सोलापुरात सात रस्त्याच्या गोंगाटातून आत वळलं की ही गल्ली लागते. एक रिक्षा आणि तिच्या शेजारून एक मोटारसायकल जेमतेम जाईल एवढी तिची रुंदी. पलीकडच्या तोंडाला भिंतीत एक फट आहे, तिच्यातून फक्त दुचाकी निघते. शाळा सुटल्यावर चाचा मुलांना घेऊन येतात आणि ज्या घरापुढं मूल उतरायचं तिथं रिक्षा आडवी लावतात. तिरकी नाही, पूर्ण आडवी. पुढचं चाक उजवीकडच्या ओट्याला टेकलेलं, मागचा भाग डावीकडच्या गटारीपर्यंत. अशी लावली की उतरायची बाजू गल्लीच्या आतल्या अंगाला येते आणि रस्त्याकडून येणारं काहीही मुलापर्यंत पोचू शकत नाही. मूल उतरलं की चाचा त्याचं दप्तर काढून देतात, एकदा हॉर्न वाजवतात, थांबतात, पुन्हा वाजवतात. घरातून कुणाचा तरी चेहरा दिसल्याशिवाय ते जागचे हलत नाहीत.

मागं अडकलेले लोक काय बोलत असतील ते सांगायला नको. "गल्ली काय तुमच्या नावावर करून दिली का ओ?" हे त्यातलं सगळ्यात सभ्य. चाचा मान वळवून बघतही नाहीत. एकदा पाण्याच्या जारवाल्यानं खाली उतरून त्यांच्या सीटवर थापा मारल्या, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बाबा, तुझं पाणी सांडत न्हाय. हे लेकरू सांडलं तर कुटनं भरू?"

त्यांच्या बायकोचं, खातूनबींचं मत मी एकदा विचारलं होतं. साडीला फॉल लावून घ्यायला त्यांच्या घरी गेले होते. त्या मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या, "घरमें भी ऐसेच करते इनों. दरवाजे में आडे बैठते. किसीको जाने नै देते."

चाचा मूळचे मैंदर्गीचे. घरी उर्दू, बाजारात कन्नड, शाळेत मराठी, असं तिन्हीत वाढलेले. वडील आठवडी बाजारातून बांगड्या विकायचे. चाचा मिसरूड फुटायच्या वयात सोलापुरात आले आणि एका चादरीच्या कारखान्यात मागावर उभे राहिले. तिथल्या खडखडाटात आयुष्याची वीस-एक वर्षं गेली. त्यामुळं अजूनही ते समोरच्याशी, तो गल्लीच्या दुसऱ्या टोकाला असल्यासारखं बोलतात. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी रिक्षा घेतली. दिवसभर स्टँडवर नंबर लावून मिळणाऱ्या भाड्याचा भरवसा नसतो. शाळेच्या मुलांचं तसं नसतं, महिना संपला की पैसे येतातच. मुलगी फिरदोसचं लग्न आणि मुलगा आतिफचं आयटीआय त्या सहा-सात मुलांच्या फेरीवर झालं, असं चाचा स्वतःच सांगतात. आतिफ आता पुण्याला गॅरेजमध्ये आहे.

दोन हॉर्नची गोष्टही त्यांनीच सांगितलेली. सुरुवातीच्या वर्षात त्यांनी एका मुलीला दारात सोडलं आणि ते निघून गेले. घराला कुलूप होतं. उन्हाळ्याचे दिवस होते, आणि सोलापूरचा उन्हाळा काय असतो हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. ती मुलगी पायरीवर बसून राहिली. तिची आत्या आली तेव्हा मुलीचा चेहरा लाल झाला होता, बाकी काही नाही. चाचांना हे दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून दोन हॉर्न.

आमची उत्कर्षा पहिलीपासून त्यांच्या रिक्षात जाते. आता ती तिसरीत आहे.

त्या दिवशी शनिवार होता, शाळा सकाळची. चाचा सहाही मुलं घेऊन गल्लीत आले. सगळ्यात आधी उत्कर्षा उतरते, आमचं घर पहिलं. मी स्वयंपाकघरात होते. पहिला हॉर्न ऐकला, पोळी तव्यावर होती, ती उलटून मग जाते म्हटलं. तेवढ्यात बाहेर काहीतरी जोरात घसरल्याचा आणि आपटल्याचा आवाज झाला. मग आरडाओरडा. मग दुसरा हॉर्न. मी दाराशी पळाले. उत्कर्षा ओट्यावर उभी होती, चाचांचा हात तिच्या डोक्यावर. मी तिला ओढून आत घेतलं आणि दार लावून टाकलं. बाहेर काय झालं ते मी पाहिलं नाही. मला पाहायचंही नव्हतं.

जे झालं ते थोडक्यात असं. मथुराबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका भाजी घेऊन सात रस्त्याकडून चालल्या होत्या. मोटारसायकलवरच्या दोघांनी त्यांच्या गळ्यातली साखळी ओढली आणि ते आमच्या गल्लीत शिरले. पलीकडची फट त्यांना माहीत असणार. त्या फटीतून गेलं की मागून पोलिसांची गाडी येऊ शकत नाही. पण गल्लीत रिक्षा आडवी होती. त्यांनी ब्रेक दाबला, मोटारसायकल घसरली आणि दोघं गटारीत गेले. एकाचा पाय गाडीखाली अडकला. दुसरा उठून पळत होता, त्याला किराणा दुकानदार शरणप्पांनी आणि चार लोकांनी धरलं. पाठोपाठ मथुराबाई आल्या. एका हातात चप्पल, एका हातात भाजीची पिशवी. पोलिसांच्या आधी त्यांनीच त्या दोघांचा तास घेतला म्हणतात.

आमच्या शेजारच्या घराच्या माडीवर युवराज नावाचा मुलगा भाड्यानं राहतो. करमाळ्याकडच्या केमचा. त्याचं मोबाईलवर बातम्यांचं चॅनेल आहे आणि एका दैनिकालाही तो बातम्या देतो. मुलगा कष्टाळू आहे. उन्हातान्हात हिंडतो, कुठं पाइपलाइन फुटली, कुठं दिवे गेले, सगळं तोच दाखवतो. तो त्या वेळी घरी नव्हता. तासाभरानं आला, तेव्हा गल्लीत फक्त ओली गटार आणि माणसांचा घोळका होता. त्यानं घोळक्यातल्या प्रत्येकाचं बोलणं रेकॉर्ड केलं. संध्याकाळी चाचा पुन्हा आले तेव्हा त्यांचं केलं. सोमवारी शाळा सुटताना रिक्षातल्या मुलांचंही केलं.

"चाचांनी रिक्षा कशी पळवली गं?" त्यानं पायलला विचारलं. पायल आमच्या समोरच्या महेश्वरीची मुलगी, दुसरीतली. बोलण्यात पहिला नंबर.

"झुऊऊम!" पायल म्हणाली. "आणि चोर धाडकन!"

झूम मोटारसायकलचं होतं. पण हे तिला कुणी विचारलं नाही.

बातमी आली ती अशी: "सहा चिमुकल्यांसह रिक्षाचालकाचा थरारक पाठलाग, सोनसाखळी चोर जेरबंद." व्हिडिओला मागं ढोल-ताशा. चाचांचा चेहरा, बाजूला रिक्षा, रिक्षाचा नंबर स्पष्ट. मग झूम, मग मथुराबाई. मथुराबाई चिडून बोलत होत्या, पण खाली अक्षरं होती, "आजींना अश्रू अनावर." दैनिकात शहर पानावर फोटो आला. मग इतर चॅनेलांनी उचललं. त्यातल्या एकानं तर चोरांच्या हातात कोयताही दिला. आणखी एकानं सगळ्याला वेगळंच वळण दिलं. हिंदू आजी, मुस्लिम चाचा, भाईचाऱ्याचं सोलापूर. हे चाचांना आतिफनं पुण्याहून फोन करून सांगितलं. तो खूश होता.

"ह्यात हिंदू-मुसलमान कुटनं आलं?" चाचा मला म्हणाले. "गाडी आडवी हुती. गाडीला काय जात हाय व्हय?"

पहिला दिवस सगळ्यांना आनंदाचा गेला. महेश्वरीनं पायलचा झूम सगळ्या नातेवाइकांना पाठवला. आमच्या मुलांच्या आयांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्याचं नाव "चाचांची रिक्षा". तिथं हात जोडलेले, फुलं दिलेले, दंड फुगवलेले हात, सगळं येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी महेश्वरीनं ग्रुपवर लिहिलं, "एक विचारू का? पाठलाग झाला तेव्हा मुलं गाडीत होती ना?"

मग सगळ्यांनीच लिहिलं.

मला ते सगळं पटत गेलं, हे खरं आहे; रिक्षा माझ्याच दारात उभी होती, हे त्या वेळी आठवलंही नाही. बातमीत जे शौर्य होतं तेच आई म्हणून वाचलं की अंगावर काटा येत होता. सहा मुलं गाडीत बसवून हा माणूस चोरांच्या मागं सुसाट गेला? वळणावर एखादं मूल बाहेर फेकलं गेलं असतं तर? उत्कर्षाला विचारलं तर ती म्हणाली, "आई, चाचा कुठं गेलेच नाहीत." पण ती आठ वर्षांची आहे. तिला एकदा शाळेत डबा खाल्ला की नाही हेही आठवलं नव्हतं. आणि पायल सांगत होती झूम. आणि पेपरात छापून आलं होतं. छापलेल्याविरुद्ध आठ वर्षांची मुलगी म्हणजे काय पुरावा?

त्या आठवड्यात मुलं एकेक करून गळाली. दोन मुलं एका व्हॅनमध्ये गेली. पायलला महेश्वरी स्वतः सोडू लागली, पतसंस्थेत कॅशियर आहे ती, तिला दहाच्या आत पोचायचं असतं, तरी. उत्कर्षाला मी स्कूटीवर नेऊ लागले. चाचांच्या रिक्षात दोन मुलं उरली. दोन मुलांसाठी फेरी परवडत नाही, पेट्रोलही सुटत नाही. चाचांनी ती बंद केली नाही. दोन मुलांसाठीही ते रिक्षा आडवी लावत, हे मी खिडकीतून पाहत होते.

एका सकाळी ते आमच्या दारात आले. आत बोलावलं तरी आले नाहीत, पायरीशी उभे राहिले.

"ताई, माझं काय चुकलं?"

मी सांगितलं. बातमी, पाठलाग, मुलं. शक्य तितक्या मऊ शब्दांत सांगितलं.

त्यांनी ते ऐकून घेतलं आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी पाठलाग केलोच न्हाय की. चोर माझ्या मागनं आले. मी म्होरं हुतो. म्होरं असलेला माणूस पाठलाग कसा करतो, तुमी शिकलेल्या हाव, तुमीच सांगा."

माझ्या मनात हे आलंच नव्हतं. ग्रुपवर कुणाच्याच आलं नव्हतं.

आम्ही दोघं शरणप्पांच्या दुकानापुढं गेलो. युवराज तिथं चहा पीत होता. चाचांनी त्याला तेच विचारलं.

"अहो चाचा, मी तुमचं चांगलंच केलो की," तो म्हणाला. "चार लाख लोकांनी बघितलं तुम्हाला."

"बघितलं म्हणूनच पोरं गेली बाबा. आता खरं काय ते एकदा टाक."

"काय टाकू?"

"गाडी उभी हुती म्हणून."

युवराजनं चहाचा कप खाली ठेवला. त्याला चाचांचा अपमान करायचा नव्हता, हे दिसत होतं. "काकू, तुम्हीच सांगा," तो माझ्याकडं वळून म्हणाला. "'रिक्षा उभी होती' ही बातमी होते का? रिक्षा रोज उभी असते."

"ते चोर पण त्यानंच पडले," मी म्हणाले.

"बरोबर आहे. पण उभ्या माणसाला कोण हिरो म्हणतं? अन् हिरो नसला की बघतं कोण?" मग जरा खालच्या आवाजात, "काकू, तेवढी चूक मान्य करून बातमी बदलली तर दैनिकवाले मला पुन्हा उभं करणार न्हाईत. त्यांनी मला विचारलं होतं, पाठलाग कन्फर्म आहे का. मी म्हटलं होतं, आहे."

शरणप्पा गल्ल्यामागून म्हणाले, "तू तिथं न्हवतास, कन्फर्म कुणाला विचारलास?"

"पायलला," युवराज म्हणाला. त्याला स्वतःलाच हसू आलं, पण त्यानं ते आवरलं.

पुढच्या रविवारी शहरातल्या एका मंडळानं चाचांचा सत्कार ठेवला होता. मला आमंत्रण नव्हतं, पण शरणप्पांच्या बायकोबरोबर मी गेले. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत खातूनबी नव्या ओढणीत, मथुराबाई शेजारी. सूत्रसंचालकानं सन्मानपत्र वाचायला घेतलं, "आपल्या प्राणांची तमा न बाळगता, वायुवेगाने रिक्षा दामटत..." चाचा खुर्चीत चुळबुळ करत होते. शाल घातली. नारळ दिला. सन्मानपत्र द्यायला पाहुणे पुढं झाले तेव्हा चाचांनी हात मागं घेतले.

"माइक द्या जरा," ते म्हणाले. माइकची गरज नव्हती.

"ह्यात लिवलेलं खोटं हाय," ते म्हणाले. "मी दामटलो न्हाय. मी पाठलाग केलो न्हाय. माझी गाडी उभी हुती. पोरं उतरत हुती. ते चोर आपसूक येऊन पडले. पोरं गाडीत असताना मी कुणाच्या मागं जाणारा माणूस न्हाय. हे कागद मी घेतलो तर उद्या पोरांच्या आया म्हणतील, बघा, सही-शिक्का हाय की. म्हणून मी घेत न्हाय. शाल घेतो, थंडीला हुईल."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. पाहुण्यांनी चाचांना मिठी मारली आणि माइकवर सांगितलं की खरा वीर असाच असतो, केलेलं सांगत नाही. खातूनबींनी मथुराबाईंच्या कानात काहीतरी म्हटलं. त्यांना हसू येत होतं की रडू, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मथळा होता: "'मी काहीच केलं नाही!' जिगरबाज चाचांच्या विनम्रतेनं सभागृह भारावलं." खाली पाठलागाची हकिकत पुन्हा दिली होती, ज्यांनी आधी वाचली नसेल त्यांच्यासाठी.

चाचांनी पेपर वाचून घडी घातली आणि शरणप्पांच्या दुकानात वजनकाट्याखाली सारली. तेव्हा शरणप्पा सहज म्हणाले, "कॅमेऱ्यात हाय की सगळं."

दुकानाच्या छज्ज्याला कॅमेरा आहे, मला माहीत होतं. आमचं दार त्यात येतं हे माहीत नव्हतं. मी युवराजला विचारलं, तू हे बघितलं नाहीस?

"बघितलंय ओ काकू. त्याच दिवशी बघितलो. त्यात काय न्हाय. रिक्षा उभी आहे, उभी आहे, उभीच आहे. चोर पडतात ते पण रिक्षाच्या आड. वापरता येईना."

मी बघितलं. शरणप्पांनी गल्ल्यामागं स्टूल दिलं आणि मी त्यांच्या टीव्हीवर ते दोनदा बघितलं. आवाज नव्हता.

रिक्षा हळू येते. पुढं-मागं करत आडवी होते. चाचा उतरतात. उत्कर्षा उतरते, दप्तरासाठी हात करते. चाचा आत वाकून हॉर्न दाबतात आणि आमच्या दाराकडं बघत थांबतात. तेवढ्यात रिक्षाच्या पलीकडं धूळ उठते, काहीतरी आपटतं, रिक्षा जराशी हलते. चाचा त्या दिशेला वळत नाहीत. त्यांची पाठ चोरांकडं आहे. ते एक हात रिक्षाच्या दांड्याला आडवा लावतात, आतली मुलं बाहेर येऊ नयेत म्हणून, आणि दुसऱ्या हातानं उत्कर्षाला स्वतःच्या अंगाशी ओढतात. बाजूनं माणसं पळत चोरांकडं जातात, शरणप्पा दुकानातून उडी मारून जातात. चाचा मुलांची डोकी मोजतात. एकेकाच्या डोक्याला हात लावून. मग पुन्हा आत वाकतात आणि दुसरा हॉर्न वाजवतात, कारण आमचं दार अजून उघडलेलं नव्हतं. दार उघडतं. मी येते, मुलीला ओढते, दार लावते. त्यानंतर पहिल्यांदा चाचा मागं वळून बघतात, की पलीकडं काय पडलंय.

मी शरणप्पांकडून तेवढं मोबाईलवर घेतलं आणि ग्रुपवर टाकलं. सोबत काही लिहिलं नाही.

बराच वेळ नुसत्या निळ्या खुणा दिसत राहिल्या. मग एकीनं लिहिलं, "अरे देवा. पाठच आहे त्यांची." व्हॅनमध्ये मुलगा घातलेल्या बाईनं विचारलं, सोमवारपासून जागा आहे का. मग महेश्वरीनं लिहिलं, "चाचांबद्दल माझा काही आक्षेप नाही. माझी चूक झाली समजा. पण त्यांचा चेहरा आणि गाडीचा नंबर चार लाख लोकांनी बघितलाय. ते दोघं जामिनावर बाहेर आले, किंवा त्यांचे साथीदार आले, तर ते ती गाडी शोधतील. त्या गाडीत माझी मुलगी असेल."

ती चूक बोलत होती असं मला म्हणता आलं नाही.

मी ते चाचांना वाचून दाखवलं. ग्रुपवर ते नाहीत, त्यांचा फोन साधा आहे. मला वाटलं ते चिडतील.

"बराबर बोलल्या त्या," ते म्हणाले. "माझा नातू असता तर मी बसवलो नसतो त्या गाडीत."

दोन दिवस ते गल्लीत आले नाहीत. उरलेल्या दोन मुलांनाही त्यांच्या आयांनीच शाळेत पोचवलं. मला वाटलं, संपलं. माणूस स्टँडवर जाऊन नंबर लावत असेल. तो स्टँडवरच होता, पण वेगळ्या कामासाठी.

सात रस्त्याच्या स्टँडवर भिमा म्हणून त्यांचा जुना दोस्त आहे. धिप्पाड, एकटा, स्टेशनची भाडी मारणारा. त्याची रिक्षा चाचांच्या रिक्षेपेक्षा बरीच जुनी. चाचांनी त्याला म्हटलं, तुझी मला दे, माझी तू घे. हे बोलणं मला पुढं भिमानंच सांगितलं.

"मी म्हनलं, तुजी नवी दिऊन माजी खटारा घेतोस? डोकं फिरलं व्हय तुजं?"

"मग?" मी विचारलं.

"मग सांगितला की सगळं. मी म्हनलं, म्हंजी चोर मला हुडकत येणार? तर म्हनतो, व्हय. मी म्हनलं, येऊ दे की. लई दिवस झालं आपल्याला कुणी भेटाय आलं न्हाय."

भिमाचे हात बघितल्यावर मला चोरांचीच काळजी वाटली.

अदलाबदल झाली ती स्टँडवरच झाली, पण युवराजपासून काय लपणार. तो तिथं पोचला, मोबाईल हातात. "चाचा, रिक्षा बदललीत? चोरांच्या भीतीनं? अहो, ही तर आधीच्यापेक्षा मोठी बातमी आहे!"

चाचा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "युवराज, ह्याची बातमी केलास तर मला तिसरी रिक्षा हुडकावी लागंल बघ."

युवराजनं मोबाईल खिशात घातला. ही बातमी कुठंच आली नाही, आणि इथंही मी त्या रिक्षेचा रंग, आकार, खुणा काही लिहीत नाही. स्टँडची आणि माणसांची नावंही बदलली आहेत.

सोमवारी सकाळी चाचा भिमाच्या जुन्या रिक्षेतून आले. गाडी बदलल्याचं त्यांनी आम्हा आयांना आधीच तोंडी कळवलं होतं. सीटची स्प्रिंग वर आलेली, तिच्यावर त्यांनी सत्काराची शाल घडी करून घातली होती. उत्कर्षाला मी दारात घेऊन उभी होते. खरं सांगायचं तर स्कूटीची किल्ली दुसऱ्या हातात होती. चाचांनी विचारलं नाही. ते नुसते थांबले. मी तिचं दप्तर त्यांच्या हातात दिलं.

त्याच वेळी समोरचं दार उघडलं. महेश्वरी पायलला घेऊन बाहेर आली. ऑफिसची साडी, पर्स, डबा. तिनं पायलला आत बसवलं आणि कुणाशी काही न बोलता स्वतःही आत चढली, शालीवर, दोन मुलींच्या मध्ये.

"ताई, तुमी?" चाचा म्हणाले.

"मला बघायचंय," महेश्वरी म्हणाली. "चला."

रिक्षा निघाली. वाटेत त्यांनी आणखी तीन मुलं घेतली असं मला नंतर कळलं. तीन घरांपुढं थांबून, तीन घरांतून चेहरे दिसेपर्यंत. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मागचे सगळे त्यांना ओलांडून गेले, त्यात एक सायकलवालाही होता.

साडेदहा वाजून गेल्यावर माझा फोन वाजला. महेश्वरी पतसंस्थेतून बोलत होती. मागं नोटा मोजायच्या मशीनचा आवाज येत होता.

"अहो उत्कर्षाच्या आई," ती म्हणाली, "काय चालवतो हो हा माणूस! मी खाली उतरून चालत गेले असते तर आधी पोचले असते. साहेब बोलले मला."

मागचं मशीन थांबलं.

"उद्यापासून मी नाही बसणार," ती म्हणाली. "पायल एकटीच येईल."